दुधाच्या दाढेचे मूळ: अंदाज की मोजमाप?

‘दुधाचाच दात हाय, पडंलच की. त्याला कशाला रूट कॅनाल?’ धाराशिव जिल्ह्यात कळंब असो, परंडा असो की उमरगा, पाच वर्षांच्या लेकराची दाढ ठणकायला लागली की घरातले वडीलधारे माणूस हे बोलतेच. दात पडणार हे खरेच आहे. पण दुधाची दुसरी दाढ पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी. पाचव्या वर्षी ती उपटली तर पुढची पाच-सहा वर्षे तिथे नुसता खड्डा राहतो. सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते आणि त्या मोकळ्या जागेत पुढे सरकते. मग खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरत नाही. तो वाकडा येतो किंवा हाडातच अडकून बसतो. मूळ बऱ्यापैकी शाबूत असेल तर दुधाची दाढ वाचवायची ती यासाठी. मूळ जवळजवळ विरघळलेच असेल, तर दाढ काढणेच योग्य. अशा वेळी डॉक्टर जागा राखणारी तार बसवतात.

दुसरा समज असा की दात छोटा म्हणून कामही छोटे. खरे तर लहान मुलाचे रूट कॅनाल मोठ्या माणसाच्या रूट कॅनालपेक्षा अधिक नाजूक असते. दुधाच्या दाढेची मुळे बारीक, वाकडी आणि फाकलेली असतात, आणि त्यांच्या मधोमध कायमच्या दाताचा अंकुर बसलेला असतो. शिवाय ही मुळे आहेत तशी राहत नाहीत. पूर्ण वाढ झाल्यावर काही काळाने ती विरघळू लागतात, आणि तीही सगळीकडून सारखी नाही. दाढेत बहुधा अंकुराकडची आतली बाजू आधी झिजते. त्यामुळे मुळातल्या नळीचे तोंड टोकावर न राहता बाजूला, थोडे वर सरकते. आज मोजलेली लांबी वर्षभराने तीच असेल, असे धरून चालत नाही.

ही लांबी एवढ्या काटेकोरपणे का मोजायची, याचे उत्तर अंकुरात आहे. सुई, म्हणजे दंतवैद्यांची फाइल, कमी आत गेली तर कुजलेली नस तळाशी शिल्लक राहते आणि हिरडीवर पुन्हा पुवाची पुळी येते. जास्त आत गेली तर घाण आणि औषध हाडात, अंकुराच्या अंगावर ढकलले जाते. अमेरिकेतील कॉल आणि सॅड्रियन यांनी 1996 साली दुधाच्या दातांच्या अशा उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. नळीत भरलेली पेस्ट मुळाच्या टोकापर्यंत किंवा किंचित अलीकडे थांबली होती, तिथे दहापैकी जवळपास नऊ दात टिकले. टोकाबाहेर गेली होती, तिथे दहापैकी सहाच. म्हणून एक्स-रेत दिसणाऱ्या टोकाच्या 1 ते 2 मिलिमीटर अलीकडे थांबायची पद्धत आहे, मूळ झिजत असेल तर आणखी थोडे आधी. एक्स-रे पाहून ‘डॉक्टरांनी टोकापर्यंत भरलेच नाही’ असे वाटणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. भरायची पेस्टही मुळाबरोबर विरघळणारी लागते. मोठ्यांच्या दाढेत भरतात ती गट्टा-पर्चा इथे चालत नाही, कारण मूळ विरघळले तरी ती तशीच उरते आणि नव्या दाताच्या वाटेत येते.

‘मुरलेल्या डॉक्टरच्या हाताला कळतं’ हा समज तर दवाखान्यांतही ऐकू येतो. पूर्ण वाढलेल्या कायमच्या दातात नळी टोकाजवळ अरुंद होते आणि तिथे फाइल अडते, हाताला जाणवते. झिजलेल्या दुधाच्या मुळात तो अरुंद भागच उरलेला नसतो. अडायला काही नाही, तर हाताला कळणार काय? अनुभव कितीही दांडगा असो, दुधाच्या दाढेत केवळ स्पर्शावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

एक्स-रेची भीती सर्वांत जास्त. ‘एवढ्याशा पोराला किरणं कशाला?’ ही काळजी समजण्यासारखी आहे. पण दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेत मिळणारी मात्रा साधारण 0.005 मिलिसीव्हर्ट असते. माती, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला एका दिवसात जेवढा किरणोत्सार मिळतो, साधारण तेवढीच. त्या मानाने एक्स-रे न काढता केलेल्या कामाचा धोका कितीतरी मोठा. मात्र एक्स-रे म्हणजे शेवटचा शब्दही नव्हे. ती सपाट सावली असते. मूळ गालाच्या किंवा जिभेच्या बाजूने झिजले असेल, तर ती झीज सावलीत लपते, आणि वरच्या दाढांत अंकुराची सावली मुळांवरच पडते.

इथे एपेक्स लोकेटर नावाचे छोटे यंत्र उपयोगी पडते. एक क्लिप ओठाला, दुसरी फाइलला. सुझुकी यांनी 1942 साली पाहिले की मुळाभोवतीचा पडदा आणि तोंडाची अंतस्त्वचा यांच्यातील विद्युत रोध जवळपास ठरलेला असतो. 1962 मध्ये सुनादा यांनी त्यावरून लांबी मोजता येते हे दाखवले. तो रोध सुमारे 6.5 किलोओहम. फाइल मुळाभोवतीच्या पडद्याशी पोचली की यंत्र सांगते. त्यात मुलाला शॉक बसत नाही, प्रवाह अगदी क्षीण असतो. बाजूला सरकलेले तोंडही ते ओळखू शकते, जे एक्स-रेला जमत नाही. पण नळी रक्ता-पुवाने भरलेली असेल, फाइल धातूला टेकली असेल किंवा टोक फार उघडे पडले असेल, तर यंत्रही चुकते. म्हणून ‘मशीन आहे, एक्स-रे नको’ हेही बरोबर नाही. दोन्ही जुळले की मोजमाप पक्के.

धाराशिवमध्ये या मोजमापाला आणखी एक कारण आहे. भूम, वाशी, कळंबकडच्या अनेक कुटुंबांची मुले आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि दिवाळीच्या सुमारास गेलेली थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अर्धवट सोडलेली दाढ फडावर सुजली तर तिथे कोण पाहणार? 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात किडलेल्या दातांचाही समावेश आहे. त्याची तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. पथकाने किडलेली दाढ दाखवली तर टोळी निघण्याआधीच उपचार उरकावा. पू वाहत नसेल तर बहुतेक वेळा एकाच बैठकीत मोजून, साफ करून, भरून वर स्टीलची कॅप बसवता येते. काढलेला एक्स-रे मागून घ्यावा आणि मुलाच्या कागदपत्रांत ठेवावा. परत आल्यावर नवा एक्स-रे काढला की शेजारी ठेवून पाहता येते: मुळाखालचे हाड भरून आले का, मूळ नेहमीच्या वेगाने झिजते आहे का, आणि अंकुर सरळ वर येतो आहे का.