जुनी मस्टँग, नवी सीट आणि मालकाची मान

फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ लोकांपुढे आणली आणि वर्षभरात ४ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. तेव्हा ती हौसेने घेणारे तरुण आज ऐंशीच्या घरात आहेत. आता त्यांची मुले गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली ती गाडी नव्याने उभी करतात. इंजिन होते, रंग होतो, क्रोम चमकते. मग पाळी येते पुढच्या दोन सीटची. स्प्रिंगा बसलेल्या, फोमचा भुगा झालेला, रेक्झिन फाटलेले. अमेरिकेत या गाडीचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात. त्यामुळे सीट मिळेल का, हा प्रश्न नसतो; कोणती घ्यायची, हा असतो. बहुतेकांचा निर्णय रंग आणि शिवणीवर होतो. डॉक्टरच्या नजरेने ती अगदी शेवटची बाब.

१९६५च्या मस्टँगची सीट दिसायला देखणी, पण तिची पाठ खांद्यांच्या आसपास संपते. डोक्यामागे काहीच नाही. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना ही बैठक ओळखीची वाटेल.

आता कल्पना करा, गाडी सिग्नलला उभी आहे आणि मागून दुसरी गाडी येऊन आदळते. वेग फार नाही, ताशी १५-२० किलोमीटर. सीट धडाला पुढे ढकलते. साडेचार-पाच किलोचे डोके मात्र जडत्वामुळे जागेवरच राहू पाहते. या ओढाताणीत मान आधी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते: खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. मग सगळे डोके मागे फेकले जाते. सुरुवातीची ती वळण सेकंदाच्या दहाव्या भागात होऊन जाते; स्नायूंना आवळून घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही. मानेच्या मणक्यांमागचे छोटे सांधे आणि त्यांभोवतीचे आवरण ताणले जाते. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. दुखणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि काही जणांचे महिनोन् महिने जात नाही. यालाच ‘व्हिपलॅश’ म्हणतात. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळते. एक्स-रेत काही नाही म्हणून अशा रुग्णाला ढोंगी ठरवणारे कमी नसतात, हे त्यातले आणखी एक दुःख.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९पासून बनलेल्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीला तो नियम लागू नाही. म्हणजे निर्णय सर्वस्वी मालकाचा.

त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. मूळ सांगाड्यावर नवा फोम आणि नवे कव्हर चढवणे ही पहिली. गाडी हुबेहूब दिसते. मान मात्र १९६५मध्येच राहते. दुसरी वाट म्हणजे जुन्या घाटाची पण हेडरेस्ट असलेली नवी सीट. तिसरी, भंगारातल्या एखाद्या अलीकडच्या गाडीची सीट बसवणे. गाडी केवळ प्रदर्शनात ढकलत न्यायची असेल तर पहिली वाट ठीक. रविवारी कुटुंबाला घेऊन हायवेवर जायचे असेल तर दुसरीच शहाणपणाची. मात्र नुसते हेडरेस्ट असून भागत नाही. त्याचे वरचे टोक निदान कानांच्या वरच्या कडेपर्यंत यावे आणि डोके व ते यांत पाच-सहा सेंटिमीटरच अंतर असावे. मानेपाशीच संपणारे बुटके हेडरेस्ट शोभेपुरते. डोके त्याच्यावरून मागे जाते.

तिसऱ्या वाटेत खाचखळगे जास्त. अलीकडच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असू शकते, तिच्या वायरी कापून सीट बसवणे हा खेळ नव्हे. सीट उंच असेल तर डोके छताला टेकू लागते. ती पुढे आली तर छाती स्टिअरिंगजवळ जाते, आणि त्या काळचा स्टिअरिंगचा दांडा आजच्यासारखा धडकेत आत दबत नाही.

आणखी एक गोष्ट हटकून नजरेतून सुटते. दोन दारांच्या या गाडीत मागे बसण्यासाठी पुढच्या सीटची पाठ पुढे दुमडते, आणि सुरुवातीच्या मस्टँगमध्ये ती अडकवून ठेवणारी कळ नव्हती. समोरून धडक बसली की ती पाठ, मागच्या माणसाच्या वजनासह, पुढच्याच्या पाठीवर येते. नवी सीट घेताना ही कळ आहे का, हे आधी हाताने ओढून पाहावे.

पट्ट्याचेही तसेच. मूळ पट्टा फक्त कमरेचा. धडकेत शरीर त्यावरून पुढे दुमडते, पट्टा पोटात रुततो, आतडी फाटू शकतात आणि कमरेचा मणका आडवा दुभंगू शकतो. हे मोडणे १९४८मध्ये चान्स या ब्रिटिश डॉक्टरांनी वर्णन केले होते, म्हणून त्याला ‘चान्स फ्रॅक्चर’ म्हणतात. खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा बसवून घेणे हा उपाय. काही हौशी मंडळी त्याऐवजी शर्यतीतले पट्टे लावतात आणि खांद्यांचे पट्टे सीटमागे थेट जमिनीला आवळतात. धडकेत ते खांद्यांना खाली दाबतात आणि सगळा भार कण्यावर येतो.

सीट कितीही चांगली असली तरी ती पत्र्यावरच बसते, आणि साठ वर्षांचा पत्रा गालिच्याखाली गंजलेला असतो. म्हणून नव्या सीटचे पैसे मोजण्याआधी गालिचा उचलून, जिथे बोल्ट जाणार तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो आत गेला, तर आधी वेल्डरकडे.