दहावीनंतर थेट चाळिशीत

हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्याला कविता सुचते ती बहुधा चाळिशीच्या आगेमागे. घराचे हप्ते निम्म्यावर आलेले असतात, ऑनसाइटची हौस फिटलेली असते, आणि भूमकर चौकात कंपनीची बस अडकली की मोबाइलवर चार ओळी उमटतात. सोसायटीच्या गणपतीत त्या वाचल्या जातात, टाळ्या पडतात. मग पंचाईत सुरू होते: आता या वयात कवी व्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

वयाची काळजी मराठीत तरी कुणी करू नये. नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजे कवी ‘बी’, वऱ्हाडात सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी करत राहिले. जन्म 1872 चा आणि ‘फुलांची ओंजळ’ हा पहिला संग्रह 1934 चा, म्हणजे साठी उलटल्यावर. जन्मभरात लिहिल्या त्या पन्नासेक कविता. त्यातला ‘चाफा’ लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोचला. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या रचत, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातली माणसं ते उतरवून घेत. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या, पुस्तक आलं 1952 मध्ये. या दोन्ही संग्रहांना प्रस्तावना आचार्य अत्र्यांची. ‘झेंडूची फुले’मधून भल्याभल्या कवींची रेवडी उडवणारा हा गृहस्थ या दोघांच्या पाठीशी उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. उशिरा लिहू लागलेल्याला गणपतीतल्या टाळ्यांपेक्षा असा एखादा खडूस वाचक जास्त उपयोगी पडतो.

नोकरीची सबबही टिकत नाही. अमेरिकेतला वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत अधिकारी होता. पायी ऑफिसला जाताना तो ओळी जुळवायचा. ‘हार्मोनियम’ हा त्याचा पहिला संग्रह 1923 मध्ये आला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात नावाजलेले चित्रकार. इंग्रजीतली ‘जेजुरी’ 1976 ची, मराठी संग्रहही त्याच सुमाराचा. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ मराठीत पुस्तक नाही, आणि 2003-04 मध्ये ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ असा एकदम लोंढा. लिहिणं मधल्या काळातही थांबलेलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा कवितेशी संबंध दहावीच्या मराठीच्या पेपरला सुटतो. पुढे विज्ञान शाखा, इंजिनिअरिंग, नोकरी. चाळिशीत पुन्हा लेखणी उचलली की हाताला लागते ती बालभारतीची भाषा: प्राजक्त, सांजवेळ, ओली माती, आईचा पदर. दिवसाचे दहा तास बेंच, रिलीज, ॲप्रेझल, क्लायंट या शब्दांत जगलेला माणूस कवितेत शिरताना ते शब्द चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवतो. मग त्याची कविता कुणाचीही असू शकते.

नारायण सुर्व्यांनी असं केलं नाही. गिरणी कामगाराने वाढवलेलं हे पोर. स्वतः गिरणीत राबलं, शाळेत शिपाई झालं, पुढे शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 मध्ये आला तेव्हा सुर्वे पस्तिशी ओलांडलेले होते. गिरणगावातली माणसं आणि त्यांचं बोलणं त्यांनी कवितेत सरळ आणलं. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने 1972 मध्ये तर मध्यमवर्गीय वाचकाला शब्दार्थ विचारायची पाळी आणली. बहिणाबाईंची कविता तरी काय, शेतकाम, चूल, जातं, अशा रोजच्या कामाच्याच शब्दांची.

हिंजवडीची भाषा अशी ताकदीने मराठी कवितेत उतरलेली मला तरी अजून फारशी दिसलेली नाही. ऐवज कमी नाही. जिथे साखर कारखाना व्हायचा होता तिथे आयटी पार्क झालं, ही गोष्ट शरद पवारांनी कितीदा तरी सांगितली आहे. चैत्रात ज्या हिंजवडीतून म्हातोबाचं बगाड वाकडला निघतं त्याच गावात रात्रपाळीच्या कॅब अमेरिकेचं घड्याळ पाळतात. गुंठे विकलेला आणि त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला, दोघं एकाच चहाच्या टपरीवर उभे असतात.

इंजिनिअर मंडळी गझलेकडे लवकर वळतात, ते साहजिक आहे. तिथे नियम आहेत, चूक पकडता येते. मतला, रदीफ, काफिया समजले आणि ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ ही देवप्रियेची लगावली बोटांवर बसली की शेर तपासता येतो. नवोदितांसाठी सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ठेवली आहे, ती आजही पुरते. फक्त वृत्तात बसलेली प्रत्येक ओळ शेर होत नाही, हे त्या तपासणीत कळत नाही. मोठ्या अभंगाचा 6-6-6-4 अक्षरांचा साचाही हाताखालून घालावा. गद्याकडे झुकलेल्या आजच्या ओळीलाही त्याने कान येतो.

मधली वाचनाची दरी भरायला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात. मर्ढेकरांच्या 1947 च्या ‘काही कविता’पासून सुरुवात करावी, मग इंदिरा संत, सुर्वे, ढसाळ, वसंत आबाजी डहाक्यांचा ‘योगभ्रष्ट’, कोलटकर, आणि 2019 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’. 1906 साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद पुण्यात टिळक रस्त्यावर आहे, हिंजवडीपासून वीसेक किलोमीटर. संध्याकाळी निघालात तर वाकडच्या पुलावरच एक संग्रह वाचून होईल.

छापण्याबाबत एवढंच सांगेन की पदरचे पैसे घालून संग्रह काढायची घाई नको. आधी नियतकालिकांकडे पाठवा. धुळ्याच्या ‘कविता-रती’सारखं केवळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये, वयाच्या साठीकडे झुकताना, सुरू केलं. संपादकाचा नकार आला तर त्यात एखादं वाक्य कामाचं असतं. दिवाळी अंकांसाठी मात्र कविता जून-जुलैतच पाठवाव्यात. कोजागिरीला सुचलेल्या कवितेला संपादक पुढच्या वर्षीचाच अंक दाखवतात.