"कसं वाटतंय?" माणसाने विचारावं की कॉम्प्युटरने?

रविवारी तुम्ही भारतात फोन लावता आणि आईला तब्येत विचारता. उत्तर ठरलेलं असतं: "बरं आहे. तू काळजी करू नकोस." मग कधीतरी शेजारच्या काकूंकडून कळतं, की गुडघेदुखीमुळे ती आठवडाभर जिना उतरलेली नाही. आई खोटं बोलली का? तसं नाही. विचारणारं कोण आहे, हे पाहून तिने उत्तर दिलं.

वैद्यकीय संशोधनात नेमकी हीच अडचण येते. रक्तदाब यंत्राने मोजता येतो, गाठ स्कॅनमध्ये दिसते. पण थकवा, वेदना, मनातली धास्ती फक्त रुग्णच सांगू शकतो. आजार आणि उपचार यांचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम झाला, याला म्हणतात जीवनमानाची गुणवत्ता. ती मोजायला प्रश्नावल्या असतात. कॅन्सरच्या रुग्णांसाठी १९९३ साली प्रसिद्ध झालेली 'क्यूएलक्यू-सी३०' ही त्यातली एक प्रसिद्ध प्रश्नावली. तिच्यात ३० प्रश्न आहेत. बहुतेक प्रश्नांना 'अजिबात नाही' ते 'खूपच' अशा चार पायऱ्यांत उत्तर द्यायचं आणि त्यावरून ० ते १०० गुण काढायचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिच्या हिंदी आणि मराठी आवृत्त्याही तपासल्या गेल्या आहेत.

प्रश्न तेच, उत्तरं वेगळी

हे प्रश्न परिचारिका वाचून दाखवू शकते, किंवा रुग्ण स्वतः टॅबलेटवर बोटाने उत्तरं देऊ शकतो. फरक पडतो तो इथेच. समोर माणूस असला की आपण थोडं सावरून बोलतो. अमेरिकेत टूरँजो आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की मुलाखतकाराऐवजी कॉम्प्युटरला स्वतः उत्तरं देताना जास्त लोक अमली पदार्थ घेतल्याचं कबूल करतात. शौचाच्या तक्रारी, लैंगिक अडचणी, नैराश्य यांबाबतही असाच संकोच असतो.

दुसरं कारण स्मरणाचं. पर्याय कानावर पडले, तर शेवटचा जास्त लक्षात राहतो. पडद्यावर वाचले, तर पहिल्यांकडे कल झुकतो.

म्हणून मुलाखत टाकाऊ ठरत नाही. ज्यांना वाचता येत नाही, दिसत कमी आहे किंवा हात थरथरतात, त्यांचा आवाज मुलाखतीमुळेच अभ्यासात येतो. प्रश्नही कमी सुटतात. मात्र "म्हणजे काय हो?" असं रुग्णाने विचारलं, की परिचारिका समजावून सांगते आणि त्या सांगण्यातून उत्तराला नकळत वळण लागू शकतं.

तुलना कशी करायची?

अर्ध्या रुग्णांची आधी मुलाखत घ्यायची आणि मग त्यांना कॉम्प्युटर द्यायचा, उरलेल्यांना उलट क्रमाने. इथे एक सापळा आहे. समजा प्रत्येकाने परिचारिकेला आपली तब्येत बरोबर १० गुणांनी जास्त चांगली सांगितली. दोन्ही आकड्यांमधला सहसंबंध तरीही पूर्ण, म्हणजे १ येईल! म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवल्याप्रमाणे प्रत्येक रुग्णाच्या दोन उत्तरांतला फरकच तपासावा लागतो.

१० गुण म्हणजे किरकोळ वाटतील. पण या प्रश्नावलीत साधारण १० गुणांचा बदल रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका मोठा मानतात. आता कल्पना करा: औषध सुरू करण्यापूर्वी परिचारिकेने विचारलं आणि नंतर घरी मोबाइलवर फॉर्म भरून घेतला. रुग्णाची स्थिती तीच असली, तरी औषधाने जगणं बिघडवलं असा निष्कर्ष निघेल. पद्धत एकदा निवडली, की शेवटपर्यंत तीच ठेवायची ती यासाठी.

कागदावरून पडद्यावर जाणं मात्र सुरक्षित दिसतं. २००८ मध्ये ४६ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा दोन्हींतला सरासरी फरक मोजपट्टीच्या अवघा ०.२ टक्के निघाला. उत्तर बदलतं ते यंत्रापेक्षा समोरच्या माणसामुळे.

न्यूयॉर्कमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर झालेली चाचणीही सांगण्यासारखी आहे. काही रुग्णांनी आपली लक्षणं नियमितपणे कॉम्प्युटरवर नोंदवली आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना गेली. २०१७ च्या निष्कर्षांनुसार त्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने होतं, नेहमीची देखभाल मिळालेल्यांचं २६. ही दोन पद्धतींची थेट तुलना नव्हे. पण त्रास वेळेवर आणि मोकळेपणाने कळण्याचं मोल त्यातून समजतं.

गेल्या वर्षी सासरे इथे आले असताना डॉक्टरांकडे मीच दुभाषी होते. लघवीचा त्रास होतो का, या प्रश्नाला बाबा माझ्याकडे न पाहता "काही नाही" म्हणाले. घरी आल्यावर नवऱ्याला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. व्यवसायाने मी हेच आकडे तपासते, तरी त्या खोलीत आपलं असणं हीच अडचण आहे, हे मला सुचलं नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर मराठी फॉर्म मिळतो का ते विचारा, त्यांना तो स्वतः भरू द्या आणि तुम्ही जरा लांब बसा. आणि येत्या रविवारी "कशी आहेस?" ऐवजी विचारून बघा: "या आठवड्यात किती वेळा खाली उतरलीस?"