चाकांवरचा तंबू

अमेरिकेत व कॅनडात सुटीत मोटार घेऊन रानात मुक्कामाला जाणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांतली काही मोटारीमागे एक लहान घडीची गाडी ओढून नेतात. तिला टेंट ट्रेलर म्हणतात. मुक्कामी ती उघडली, की खाली चाके आणि वर कापडी भिंती! आता ‘फक्त तंबूंसाठी’ अशी पाटी असलेल्या जागेत हिला प्रवेश मिळावा काय?

याचे उत्तर शब्दकोशात नाही. नियम कशासाठी केला, यात आहे. तंबूच्या कित्येक जागा मोटार लांब ठेवून पायी जाण्याच्या असतात. तेथे चाकांना वाटच नाही. मग ‘आमचीही भिंत कापडीच’ हा युक्तिवाद लटका पडतो.

उलट, अस्वलांच्या मुलखात चाके गौण, भिंत मुख्य. यलोस्टोन उद्यानातील फिशिंग ब्रिज येथे टणक भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी आहे. तंबूही नको आणि टेंट ट्रेलरही नको. कॅनडातील बॅन्फ उद्यानात लेक लुईज येथे मात्र कापडी भिंतींसाठी विजेच्या कुंपणाआड निराळे आवार आहे. तेथे साधा तंबू आणि ही गाडी शेजारी शेजारी राहतात.

आम्हा कामगार संघटनेच्या माणसांना हे नवे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ कोण, यावर कित्येक खटले झाले. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हेच न्यायालयांनी पाहिले.

तेव्हा जागा राखण्यापूर्वीच नियमाचा हेतू विचारून घ्यावा. म्हणजे पोरांबाळांसह रात्री माघारी फिरण्याची पाळी येत नाही. आणि हेतूला बाध येत नसेल, तर जागा ठामपणे मागता येते.