दोन गोळ्यांचं गणित

ताप दोन दिवसांत उतरला नाही, की घरातलं कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, ‘अहो, जोडीला दुसरी एखादी अँटिबायोटिक घ्या, लवकर बरं वाटेल.’ एकाच्या जागी दोन म्हणजे दुप्पट गुण, असं हे साधं गणित. औषधांच्या दुनियेत मात्र एक अधिक एक कधी तीन होतात, तर कधी शून्य.

तीन कधी होतात? क्षयरोगाचं पाहा. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, तेव्हा रोगी आधी झपाट्यानं सुधारत. पण काही महिन्यांत अनेकांच्या शरीरातले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होत. जोडीला ‘पॅस’ हे दुसरं औषध दिल्यावर हा प्रकार पुष्कळच आटोक्यात आला. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडू लागला. म्हणूनच क्षयाच्या नेहमीच्या उपचारांची सुरुवात आजही चार औषधांनी होते. जठरात अल्सर करणाऱ्या जंतूवरही दोन अँटिबायोटिक्स जोडीनं देतात.

आता दुसरी बाजू. १९५१ साली लेपर आणि डाउलिंग या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या न्यूमोकॉकसच्या रोग्यांचा हिशेब मांडला. नुसतं पेनिसिलिन मिळालेल्या ४३ जणांपैकी १३ दगावले. पेनिसिलिनबरोबर ऑरिओमायसिनही मिळालेल्या १४ जणांपैकी ११! कारण असं, की पेनिसिलिन वाढत्या जंतूला आपली भिंत धड बांधू देत नाही आणि त्यामुळे तो फुटतो. ऑरिओमायसिन जंतूची वाढच थांबवतं. बांधकामच बंद पडलं, तर पेनिसिलिननं बिघडवायचं काय?

जंतूंचं असं, तर शरीराचं वेगळंच. अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन, दोन्ही काही रोग्यांत हृदयाची लय बिघडवू शकतात. एकत्र घेतली तर हा धोका वाढतो, विशेषतः ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा वयस्कर मंडळींत. काही इंजेक्शनांची जोडी मूत्रपिंडाला जड जाते. शिवाय नावांचा घोळ आहेच. दातांच्या डॉक्टरांची गोळी वेगळी, घरच्या डॉक्टरांची वेगळी, आणि पट्टीवरची बारीक अक्षरं वाचावीत तर दोन्हींत अमॉक्सिसिलिनच!

तेव्हा धोका दोन या आकड्यात नाही. एका डॉक्टरनं विचार करून, दोन्ही नावं समोर ठेवून जोडी लिहिली असेल, तर ती निर्धास्त घ्यावी. घाबरून एक गोळी परस्पर बंद करू नये. पण एक गोळी चिठ्ठीतली आणि दुसरी कपाटातल्या डब्यातली, मागच्या आजारपणात उरलेली, अशी जोडी जमली तर तिचा विचार कुणीच केलेला नसतो.

२०१४ पासून काही अँटिबायोटिक्स विकताना औषधविक्रेत्याला रोग्याचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ठेवावं लागतं. घरातल्या उरलेल्या गोळ्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसते. म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडाव्यात. ते रागावतील या भीतीनं एकही लपवू नये.