पाणी आणि युरिया: खर्च दोन, खातं एकच



दुकानातल्या गळतीबद्दल आपण व्हिडिओत नेहमी बोलतो. माल विकत घेतला, पण गिऱ्हाईकाकडे पोचायच्या आत सांडला, तर तो तोटा वहीत सहसा दिसत नाही. धानाच्या बांधीतही अशीच गळती असते. आज भंडारा-गोंदियाकडच्या उन्हाळी धानाचा हिशोब बघू. पावसाळ्यात पाणी आपल्या हातात नसतं. उन्हाळ्यात पंपाचं पाणी असेल, तर किती द्यायचं ते आपणच ठरवतो.

आधी युरिया. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. एकरी दोन गोण्या म्हणजे साधारण 41 किलो. पण साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियातलं नत्र पिकाला लागू पडतं ते साधारण 30 ते 40 टक्केच. पैसे दोन गोण्यांचे दिले आणि पिकाने एक गोणीही खाल्ली नाही!

बाकीचं गेलं कुठे? तीन वाटा आहेत:

1. साचलेल्या पाण्यात युरिया विरघळतो आणि अमोनिया होऊन हवेत उडतो. ऊन-वारा जास्त, तर तोटा जास्त.
2. पाण्याबरोबर बांधीबाहेर वाहतो किंवा खोल झिरपतो.
3. जमीन सुकली की नत्राचं नायट्रेट होतं. पुन्हा पाणी भरलं की तेच वायू होऊन निघून जातं.

बघा, तिन्ही वाटांवर पाणीच आहे. म्हणून पाण्याचा आणि खताचा निर्णय वेगवेगळा घ्यायचा नाही.

पाणी कसं द्यायचं? एक फूट लांबीचा प्लास्टिक पाइप घ्या. खालच्या 20 सेंटीमीटर भागाला भोकं पाडा. तेवढा भाग बांधीत गाडा आणि आतला चिखल काढून टाका. रोवणीनंतर पहिले दोन आठवडे उथळ पाणी ठेवा, नाहीतर तण माजेल. त्यानंतर पाइपात डोकवायचं. पाणी जमिनीच्या 15 सेंटीमीटर खाली गेलं की पंप सुरू करायचा आणि 5 सेंटीमीटर पाणी भरायचं. वरून जमीन सुकलेली दिसली तरी घाबरू नका, मुळांना खाली ओल मिळते. मात्र मोठ्या भेगा पडेपर्यंत थांबायचं नाही. फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या या पद्धतीत उत्पादन न घटता 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकतं.

युरिया कधी टाकायचा? पाणी भरण्याच्या अगदी आधी, बांधीत नुसती ओल असताना. लगेच पाणी दिलं की युरिया मातीत उतरतो. सगळा एकदम न देता रोवणी, फुटवे आणि लोंबी पोटात धरण्याची वेळ, असे हप्ते पाडा. मधल्या काळात पानांच्या रंगाचा तक्ता वापरा. 7 ते 10 दिवसांनी, सावली धरून, दहा चुडांचं सर्वात वरचं पूर्ण उघडलेलं पान तक्त्याशी जुळवा. सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या रंगापेक्षा फिकी असतील तरच पुढचा हप्ता. तुमच्या जातीसाठी कोणता रंग धरायचा ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

आता कोणी म्हणेल, "गोणी तर 266 रुपये 50 पैशांची, एक जास्त टाकली तर काय बिघडलं?" बिघडतं. जास्त नत्राने धान लुसलुशीत होतं, करपा आणि तुडतुडे वाढतात, पीक लोळतं. मग फवारणीचा खर्च गोणीपेक्षा मोठा होतो.

पाण्याचंही तसंच. वीज स्वस्त असली तरी विहिरीतलं पाणी मोजकंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये उधळलेलं पाणी एप्रिलमध्ये, दाणा भरताना, कमी पडलं तर तोपर्यंतचा सगळा खर्च बुडतो. त्या वेळी पंप रात्रभर चालवूनही उपयोग नसतो.

म्हणून एकदम सगळ्या शेतात नको. यंदा एका बांधीत करा, शेजारची नेहमीसारखी ठेवा. वहीत तीन रकाने आखा: पंपाचे तास, युरियाचे किलो, धानाचे क्विंटल. मळणीनंतर नुसते क्विंटल मोजू नका, खर्च वजा करून काय उरलं ते बघा. धंदा त्यालाच म्हणतात.

तुमचे आकडे कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!