ब्रायटनचा गोट्यांचा किनारा

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गणपतीपुळे किंवा आक्षीची सवय असलेल्या माणसाचा इथे आधी हिरमोडच होतो. पायाखाली सगळे गोटे. अनवाणी दहा पावलं टाकणंही मुश्कील. पण लाट मागे सरकताना ते एकमेकांवर घासत खळखळतात, आणि ते ऐकत तासन्‌तास बसून राहावंसं वाटतं. लंडनकर इथे येतात ते याच बसण्यासाठी. व्हिक्टोरिया स्थानकावरून गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता.

समुद्रावर विश्रांतीला जायचं, ही कल्पना इंग्लंडात रुजली त्यात या गावाचा मोठा वाटा आहे, आणि तिची सुरुवात औषधापासून झाली. शेजारच्या लुईस गावातल्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यात डुंबायचं तर होतंच, पण ते प्यायचंही! पैसेवाले रोगी येऊ लागले आणि तेव्हा ब्राइटहेल्मस्टन म्हटल्या जाणाऱ्या या मासेमारांच्या वस्तीचं नशीब पालटलं. चाकांवरची लाकडी खोली पाण्यात नेली जायची आणि आतल्या बाईसाहेबांना मार्था गन हिच्यासारख्या धट्ट्याकट्ट्या बायका पाण्यात बुचकळून काढायच्या. मार्था १८१५ साली वारली, तोवर तिची कीर्ती दूरवर पसरली होती.

१७८३ मध्ये युवराज जॉर्ज आला. पुढे हाच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. प्रकृतीपेक्षा त्याला इथलं मोकळं आयुष्य जास्त मानवलं. त्याने बांधलेला रॉयल पॅव्हिलियन आजही गावाच्या मधोमध उभा आहे. जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५ ते १८२२ या काळात त्याला सध्याचं रूप दिलं. बाहेरून मोगली घुमट नि मिनार, आत सगळा चिनी थाट. नॅशने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. घुमटांच्या आत ओतीव लोखंडाचा सांगाडा आहे. पहिल्या नजरेत ही इमारत मला एखाद्या श्रीमंत लग्नाच्या मांडवासारखी वाटली. तरी भोजनगृह आणि स्वयंपाकघर चुकवू नका. स्वयंपाकघरात छताला टेकलेल्या खांबांना वर तांब्याची ताडपानं लावली आहेत, आणि इथेच जानेवारी १८१७ मध्ये करेम या फ्रेंच बल्लवाचार्याने एका मेजवानीला शंभराहून अधिक पदार्थ रांधले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. इकडे नॅशचं घुमटांचं काम चालूच होतं.

खरा हिंदुस्थानी माणूसही तेव्हा ब्रायटनमध्ये पोचला होता. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला गेले, १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं आणि १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाची खानावळ काढली. ती बुडाली. मग त्यांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. आपल्या न्हाव्याची ती चंपी इथे राजवैद्यकाच्या पंक्तीला जाऊन बसली: चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपले ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमलं. १८५१ मध्ये ते वारले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मार्था गनचीही तिथेच.

मराठी माणसाचं ब्रायटनशी नातं मात्र वेगळ्याच कारणाने आहे. सावरकरांनी ‘सागरास’ ही कविता १९०९ साली याच किनाऱ्यावर रचली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर ती आपल्याकडे घरोघर पोचली, पण ती कुठे सुचली हे अनेकांना ठाऊक नसतं. ते वर्ष आठवून पाहा. जूनमध्ये वडीलबंधू बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १ जुलैला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. बॅरिस्टरीची परीक्षा देऊनही सनद अडवलेली. लंडनमध्ये राहायला कुणी जागा देईना, अशा दिवसांत सावरकर इथे आले. शेजारी होते बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल, जे पुढे बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहू लागले. लोक जिथे जिवाला आराम पडावा म्हणून येतात, तिथे बसून या माणसाला घरची ओढ असह्य झाली. पुढच्या मार्चमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली.

त्यानंतर पाच वर्षांच्या आत, पहिल्या महायुद्धात, चौथ्या जॉर्जचा रॉयल पॅव्हिलियन हिंदी जखमी शिपायांचं इस्पितळ बनला. डिसेंबर १९१४ पासून फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी आणले जाऊ लागले. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म आणि जात सांभाळून नऊ स्वयंपाकघरं चालवली, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळही वेगळे ठेवले. ही शुश्रूषा खरी होती, पण तिच्यात हिशेबही होता: रुग्णालयाची सचित्र पुस्तिका पंजाबीत आणि उर्दूत छापून हिंदुस्थानात वाटली गेली, आणि शिपायांची पत्रं मात्र सेन्सॉरखालून जात. जमादार मीर दस्त यांना पाचव्या जॉर्जने इथल्याच हिरवळीवर व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

जे वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ हिंदू-शीख शिपायांना ब्रायटनजवळच्या पॅचमच्या वरच्या टेकड्यांवर अग्नी दिला गेला. अस्थी समुद्रात सोडल्या. त्या जागी संगमरवरी छत्री उभी आहे. तिचे आठ खांब नि घुमट हिंदी वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी रेखाटले आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तेव्हाच्या युवराजाच्या हस्ते तिचं अनावरण झालं. दहनाचे ओटे तीन ग्रॅनाइटच्या शिळांखाली आहेत. इंग्रज इथे ‘छत्री’ हाच शब्द वापरतात. दर जूनमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो.

आता कामाचं. एका दिवसात किनारा, पॅव्हिलियन आणि ‘द लेन्स’च्या अरुंद गल्ल्या होतात, छत्रीसाठी मुक्काम करा. पॅचमपर्यंत बस आहे, पुढची चढण मेंढरांच्या कुरणांतून पायीच करावी लागते, म्हणून बूट जाड घ्या. १८८३ पासून किनाऱ्यालगत धावणारी फोल्क यांची छोटी विजेची गाडी हिवाळ्यात बंद असते. मात्र नोव्हेंबरपासून संध्याकाळी हजारो पक्षी १८९९ च्या पॅलेस पिअरभोवती थव्याने घिरट्या घालतात, आणि ते पाहायला तिकीट नाही. सूर्य चारच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारचं जेवण लवकर उरका. तळलेला मासा आणि बटाटे घेऊन किनाऱ्यावर बसणार असाल, तर पुडा घट्ट धरा. इथले सीगल फार निर्ढावलेले आहेत.